बाहेरगावची प्रत

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पार्सल परवा मिळालं. मी नेमकी घरी होते, त्यामुळे सही मीच केली. तुम्ही इतकं पक्कं बांधलं होतंत की उघडायला भाजीची सुरी घ्यावी लागली. आतली डिस्क, तिची वायर आणि तुमची चिठ्ठी, सगळं सुखरूप आहे. फोनवर कळवलं असतं, पण मी फोनवर बोलताना हे जवळच असतात, आणि मला जरा सविस्तर सांगायचं होतं. हाताने पत्र लिहायची सवय कधीच गेली. अक्षर सांभाळून घ्या.

आम्ही बरे आहोत. ही भाड्याची जागा लहान आहे, पण उजेड भरपूर. यांचा डावा हात जवळजवळ भरत आलाय. उजव्याची मधली बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिलाय. तो हे दाबतात, म्हणजे मी समोर असले की दाबतात. चष्म्याच्या दुकानाचे मालक येऊन गेले. भिंगं घासण्याचं बारीक काम एवढ्यात जमायचं नाही, तोवर काउंटरवर बसा म्हणाले. हे म्हणाले, बघू. हल्ली सगळ्यालाच बघू. जेवायला वाढू का, बघू. बाहेर चक्कर मारू या का, बघू. मी लॅबमध्ये पुन्हा जायला लागले. सकाळी रक्त काढायचं, नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. काम तेच आहे, पण तिथे मला कुणी काही विचारत नाही, ते बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. डिस्क मी यांना दाखवलेली नाही. कपाटात जाड पांघरुणांच्या मागे ठेवलीय, तुमची चिठ्ठीही तिच्याच खोक्यात. तुम्हीही फोनवर तिचा विषय काढू नका, एवढी विनंती आहे.

का, असं तुम्ही विचाराल. मी आधी लिहिणार होते की त्यांना सध्या गाणं सोसत नाही. ते खोटं नाही. शेजारी कुणी रेडिओ लावला की हे उठून न्हाणीघरात जातात आणि नळ सोडून बसतात. पण एवढंच कारण असतं तर मी डिस्क टेबलावर ठेवली असती आणि म्हटलं असतं, वाटेल तेव्हा ऐका.

यातलं बरंच तुम्हाला ठाऊक आहे, पण भांडणानंतर तुम्ही घरी आला नव्हतात, म्हणून थोडं मागून सांगते. बाबांच्या गाण्याची सगळी ध्वनिमुद्रणं यांनी एका काळ्या डब्यात आणली होती. दारामागे चपलांच्या कपाटावर, जिथे इंटरनेटची वायर आत येते, तिथे तो डबा असायचा. जाडजूड शब्दकोशाएवढा. आत दोन डिस्क, एकीवर जे जाईल ते आपोआप दुसरीवर. एक बंद पडली तरी दुसरी चालू. बाबांच्या टेपा तर केव्हाच चिकटायला लागल्या होत्या, एकेक टेप मशिनवरून एकदाच कशीबशी फिरायची. दर रविवारी हे दोन्ही डिस्कवरच्या फाइली जुळतात का ते तपासायचे. आमच्या स्वयंपाकघरात मीठ आणि साखर एकसारख्या बरण्यांत, कशावर काही लिहिलेलं नाही, आणि इकडे प्रत्येक गाण्यापुढे तारीख, सभागृह, वाजवणारे कोण, माइक कुठे ठेवला होता तेसुद्धा. आई म्हणायच्या, “माझीपण एक प्रत काढून ताईकडे ठेव रे. इथली बिघडत चाललीय.”

कारण यांचं ठाम म्हणणं, एका घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत. चोरी झाली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदमच जाणार. म्हणून तिसरी तुमच्याकडे. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा ती घेऊन यायचात आणि हे तिच्यात नवीन भरून द्यायचे. “बाहेरगावची प्रत” म्हणायचे तिला.

मग ते भांडण. बहीणभावांच्या मध्ये मी पडत नाही, पण मला जे दिसलं ते असं. यांनी मुद्रणं धुऊन काढली होती. सभागृहातल्या पंख्यांची घरघर, खुर्च्या, लोकांचं खोकणं, आणि प्रत्येक गाण्याआधी बाबा म्हणायचे ते “हं, चालू”, सगळं काढलं. तुम्हाला ते ऐकवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तू बाबांनाच पुसलंस. हे म्हणाले, एवढं होतं तर टेपा चिकटत होत्या तेव्हा यायचं होतंस. पुढचं फोनवर झालं. फोन स्पीकरवर होता आणि आई तिथेच मटार सोलत बसल्या होत्या. तुम्ही म्हणालात, “मग मीपण सगळं पुसून टाकलं. त्या डिस्कवर आता आमच्या सहलीचे फोटो आहेत.”

हे त्या दिवशी जेवले नाहीत. ताई, न धुतलेली मूळ मुद्रणंही यांनी जपून ठेवली होती. “कच्ची” म्हणून वेगळा कप्पाच केला होता, तुमच्या डिस्कवरही तो होता. एवढं एक वाक्य फोनवर बोलले असते तर भांडण तिथल्या तिथे मिटलं असतं. नाही बोलले. तुमच्या घराण्यात कुणाला नको तेव्हा बोलता येतं आणि हवं तेव्हा दातखीळ बसते.

आता डिसेंबरातल्या त्या दुपारचं.

मी तुम्हाला सांगितलं होतं की आई झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलं नाही. तुम्ही आलात तेव्हा तुमचा चेहरा बघून माझ्या तोंडून तेच निघालं, आणि मग सगळ्यांना तेच सांगितलं गेलं. तसं नव्हतं.

तळमजल्यावरच्या गॅरेजवाल्याने जिन्याखाली स्कूटरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या. मी लॅबमध्ये होते. समोरच्या काकूंनी दार वाजवलं, जिन्यात धूर येतोय म्हणाल्या. तेव्हा तो धूर पातळ होता, करपल्यासारखा वास नुसता. हे आतल्या खोलीत गेले. आई जाग्या होत्या. कॉटवर उठून बसल्या आणि चष्मा मागितला. यांनी चष्मा दिला आणि म्हणाले, “तू चपला घाल, मी आलोच.” मग दाराशी येऊन डब्याच्या वायरी उपसल्या, डबा काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, “हा खाली न्या, मी आईला घेऊन आलोच.” म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील आणि आईंना नीट धरता येईल, असं.

तेवढ्यात खाली बॅटऱ्या फुटल्या. काकू सांगतात, क्षणात जिना काळा झाला. त्या चाचपडत कशाबशा खाली पोचल्या. हे आत वळले होते. घरातल्या बोळातून आईंपर्यंत गेले, त्यांना खांद्यावर घेतलं, आणि जिन्याचा लोखंडी कठडा धरत खाली आले. हातांचं जे झालं ते त्या कठड्यावर झालं. आईंना अंगावर एक चटका नव्हता. पण धूर आत गेला होता तो गेलाच. मी पोचले तेव्हा त्यांना अॅम्ब्युलन्समध्ये चढवत होते. एकाच पायात चप्पल होती. काकू रस्त्याच्या कडेला डबा छातीशी धरून उभ्या होत्या, खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

डबा पुसून घेतला तर आजही चालेल. तो काकूंकडेच आहे. आणायला हे गेले नाहीत, मीही गेले नाही.

हॉस्पिटलमध्ये अग्निशमन दलाचे साहेब चौकशीला आले होते. घरात कोण कुठे होतं, विचारत होते. यांचे दोन्ही हात बांधलेले. कशालाही उत्तर द्यायचं तर हे म्हणायचे, “तेवढी एकच प्रत होती हो.” साहेबांना काही कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्यांना गुंगीचं औषध दिलंय.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. यांच्या लेखी ती एकच होती, म्हणून हात तिकडे गेला. जे झालं ते भयंकर झालं, पण त्याला एक कारण तरी होतं. हे त्या कारणाला धरून आहेत. आणि तुमच्या चिठ्ठीत लिहिलंय, “पुसलं नव्हतं रे. रागात बोलले. सगळं जसंच्या तसं आहे, आता तुझ्याकडेच ठेव.” तुम्ही किती मायेने लिहिलंय ते मला कळतं. पण ही डिस्क त्यांच्यापुढे ठेवली तर त्यांच्याकडे काय उरेल, सांगा.

हे तुम्हाला लिहू नये असं मला फार वाटलं. पण न लिहावं तर तुम्ही उद्या फोनवर सहज विचाराल, डिस्क लावून बघितलीस का रे. म्हणून लिहिलं. मी तुम्हाला दोष देत नाही. खोटं कशाला बोलू, पार्सल उघडलं त्या दुपारी दिला होता. मनातल्या मनात तुम्हाला नको ते बोलले. मग डिस्क कपाटात ठेवली आणि कणीक भिजवली. रागात माणूस काय वाटेल ते बोलतं, आणि त्यावर कुणाचा जीव टांगलेला असेल असं कुणाला माहीत असतं?

आमच्याकडे आता “आलोच” असं कुणी म्हणत नाही. हे दाराबाहेर पडताना काहीच बोलत नाहीत. मीही नाही.

उत्तर लॅबच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. तब्येतीला जपा, गोळ्या चुकवू नका.

तुमची,
वहिनी


ता. २७ मार्च

प्रिय ताई,

तुमचं उत्तर आलं नाही. लॅबमध्ये टपाल आलं की मी उगीच उठून बघून येते. फोन केला की तुमची लेक उचलते आणि म्हणते, आई झोपलीय. प्रत्येक वेळी तुम्ही झोपलेल्या. ती पोर तरी किती वेळा तेच सांगणार? शेवटी परवा ती रडवेली होऊन म्हणाली, “मामी, आई जेवत नाहीये. काय झालंय ते सांगतही नाही.” मी फोन ठेवला आणि स्वतःला खूप बोलून घेतलं. मी यांना सांभाळायला गेले आणि ओझं उचलून तुमच्या डोक्यावर ठेवलं.

आज लिहितेय ते मात्र यांनी लिहायला सांगितलं म्हणून. तेव्हा हे नीट वाचा, अर्ध्यावर घडी घालू नका.

गेल्या आठवड्यात व्यायामाच्या बाईंनी सांगितलं, हात उंचावर ठेवायला पांघरुणाची जाड घडी घ्या. मी कामावर होते. यांनी कपाट उघडलं, पांघरूण ओढलं, आणि मागून ते खोकं खाली पडलं. वर तुमचं अक्षर.

मी संध्याकाळी जिना चढत होते तर आमच्या दाराआडून पंख्याची घरघर ऐकू आली. या घरात छताला पंखाच नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी खोकलं, आणि बाबांचा आवाज आला, “हं, चालू.” तिथेच पायरीवर पिशवी ठेवून उभी राहिले. गाणं सुरू झालं, ते संपेपर्यंत आत जायचं धाडस झालं नाही.

हे जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला. लॅपटॉप समोर, डिस्क मांडीवर. त्या बोटांनी वायर कशी लावली कोण जाणे. न्हाणीघरात गेले नाहीत, नळ सोडला नाही. मी म्हटलं, “चहा ठेवू?”

“ठेव.” मग म्हणाले, “कधी आली ही?”

“फेब्रुवारीत.”

“लपवलीस.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. रागावतील असं वाटलं होतं, पण नाही. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला. मग म्हणाले, “ताईला काय कळवलंस?”

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, चपलेचं, काकूंचं, हॉस्पिटलमधलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“तुला कुणी सांगितलं की मला माहीत नव्हतं?”

“म्हणजे?”

“तिनं पुसलं नसणार, हे मला फोन ठेवला तेव्हाच कळलं होतं. अगं, शाळेतल्या पेन्सिलींचे बोटभर तुकडे अजून डब्यात भरून ठेवलेत तिने. ती काय पुसणार? मी आईलाही म्हणालो होतो, थापा मारतेय.”

“मग त्या दिवशी डबा का घेतलात?”

“दाराशी होता.” एवढंच म्हणाले आधी. मग म्हणाले, “आई चपला घालत होती. तिला वेळ लागतो. मला वाटलं, आहे वेळ. प्रत दुसरीकडे आहे की नाही, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. नसती तरी उचलला असता, असती तरी उचलला असता. ताईचा यात काही संबंध नाही. हे तिला लिही. उद्याच लिही.”

ताई, त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहिलं. माझा निरोप्याचा भाग इथे संपला.

आता माझं. हे खरं आहे की तुमच्यासाठी रचलेलं आहे, मला सांगता येत नाही. आईंना म्हणालो म्हणतात, पण आता आईंना विचारायचं कुठे? त्या फोनच्या वेळी मीही घरात होते. असं काही बोलल्याचं मला आठवत नाही, पण मी मध्येच दूध बघायला आत गेले होते. आणि हॉस्पिटलमध्ये त्या साहेबांना तर पुन्हा पुन्हा सांगत होते की एकच होती. एकच होती आणि दुसरी आहे हे माहीत होतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. मी तोंड उघडलंही होतं विचारायला. पण हे माझ्याकडे सरळ बघत होते. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मी कप उचलले आणि विसळायला गेले.

माहीत होतं असं धरलं, तर दुसरी प्रत असलेल्या वस्तूपायी त्यांनी आईंना कॉटवर थांबवलं. माहीत नव्हतं असं धरलं, तर तुमची सुटका व्हावी म्हणून त्यांनी हे एवढं मोठं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि आता जन्मभर तेच खरं म्हणून सांगत राहणार. यातलं कोणतं जास्त वाईट, मी रोज ठरवायला बघते आणि जमत नाही.

मागच्या पत्रात मी सुरुवातीलाच लिहिलं होतं, आम्ही बरे आहोत. आम्ही बरे नव्हतो. त्या पत्रानंतर मी बॅग भरून माझ्या बहिणीकडे गेले होते. तिचे गुडघे दुखतात, मदतीला जाते, असं यांना सांगितलं. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. मला समोर बसून जेववत नव्हतं. यांच्या हातांकडे बघवत नव्हतं, भाजलेत म्हणून नाही, मी रोज असले हात बघते. या हातांनी आधी काय उचललं, तेच दिसायचं. बहीण म्हणाली, राहा, कायमची राहा. तरी मी परत आले. का ते मला नीट सांगता यायचं नाही. उजव्या हाताला मलम डाव्या हाताने नीट लावता येत नाही, त्यांनी ते कसंतरी फासलेलं असणार, असं सारखं मनात यायचं.

आईंची मला फार आठवण येते, ताई. हे मी यांच्यापुढे बोलू शकत नाही. बोलले तर तो टोमणा होतो. तुमच्यापुढेही बोलता आलं नाही. आमचं पटायचं नाही असं सगळ्यांना वाटायचं, आणि पटायचंही नाही. पण लॅबमधून आले की त्या विचारायच्या, “आज किती जणांना टोचलंस?” आता कुणी विचारत नाही.

पुढचं ऐका. यांनी परवा स्वतः काकूंना फोन केला. डबा भंगारवाल्याला देऊन टाका म्हणाले. काकू घाबरल्या, मला परत फोन करून विचारलं, खरंच देऊ का? मी म्हटलं, द्या. काल दिला. मी विचारणार होते की त्याआधी एकदा उघडून तरी बघायचा होता का, पण नाही विचारलं.

तुमची डिस्कही यांनी परत पाठवायला सांगितलंय. मी म्हटलं, इथे राहू द्या की, तुम्ही ऐकत होतात. तर म्हणाले, ती बाहेरगावचीच आहे, तिकडेच राहू दे. या घरात एकही प्रत नको. मी तुमच्यासारखं पक्कं बांधू शकत नाही, पण दोन टॉवेलांत गुंडाळलीय. पत्र आणि पार्सल बरोबरच निघतील. डिस्कवर “कच्ची” असा कप्पा आहे, त्यात बाबा आहेत. आता ही खरंच एकुलती एक आहे. हवी तर भावोजींना सांगून तिची आणखी एक काढून घ्या, किंवा नका काढू. ते सर्वस्वी तुमच्यावर.

आणि जेवा. पोरीला घाबरवू नका.

बरं वाटलं की इकडे या. यांच्याशी बोला, नाहीतर नुसत्या शेजारी बसा, यांनाही तेवढंच जमेल. फक्त खरं काय ते त्यांना विचारू नका. त्यांनी जे लिहायला सांगितलं ते मी लिहिलं आहे, आणि मी ते खरं धरून चालायचं ठरवलंय. पुष्कळदा जमत नाही. तुम्हीही तेच धरून चाला, एवढंच मागते.

अजून याच घरात असलेली,
तुमची वहिनी